कॅल्शियम का वाढते? एका न जुळणाऱ्या आकड्याची गोष्ट

माध्यमिक शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात अंतःस्रावी ग्रंथींचा एक तक्ता असतो. ग्रंथीचे नाव, तिची जागा, तिचे संप्रेरक आणि त्याचे कार्य, असे चार रकाने. मुले तो पाठ करतात आणि आपण तो तपासतो. या तक्त्यात परावटु ग्रंथींच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते : रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणे.

ही ओळ बरोबरच आहे. पण कर्करोगाच्या काही रोग्यांत एक विचित्र गोष्ट दिसते. त्यांच्या परावटु ग्रंथी जवळजवळ गप्प असतात, आणि तरीही रक्तातले कॅल्शियम वाढतच जाते. जणू ग्रंथींचे काम दुसरेच कोणी करत असते. हे दुसरे कोण, याचा शोध १९४१ साली एका न जुळणाऱ्या आकड्यापासून सुरू झाला आणि १९८७ साली त्याचे उत्तर मिळाले. या ४६ वर्षांत एक कल्पना आधी सुचली, मग जवळजवळ सर्वमान्य झाली, मग चूक ठरली, आणि शेवटी वेगळ्या रूपात खरी निघाली. तक्त्यातल्या एका ओळीमागचा हा इतिहास आपण पाहू या.

कॅल्शियमचा हिशेब

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेल्या एक टक्क्यातलाही अगदी थोडा भाग रक्तात असतो, पण शरीर सर्वांत जास्त काळजी घेते ती या थोड्या भागाची. १०० मिलिलिटर रक्तरसात साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि दिवसभरात आपण काहीही खाल्ले तरी हा आकडा फारसा हलत नाही. कारण स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंतून जाणारे संदेश, हृदयाचे ठोके, सारे या आकड्यावर अवलंबून असते. तो खाली गेला तर हातापायांना पेटके येतात. वर गेला तर तहान वाढते, लघवी वारंवार होते, बद्धकोष्ठ होतो, मळमळते. आणखी वर गेला तर रोगी सुस्तावतो, असंबद्ध बोलू लागतो आणि शेवटी बेशुद्ध होतो.

ही लक्षणे मुद्दाम सांगितली. कर्करोगाचा रोगी असा झोपाळू, भ्रमिष्ट झाला की घरच्यांना वाटते, आता शेवट आला. कधी ते खरेही असते. पण कधी त्या सुस्तीचे कारण रक्तातले वाढलेले कॅल्शियम असते. ते साध्या रक्ततपासणीत कळते आणि उपचारांनी खाली आणता येते. मूळ रोग त्याने बरा होत नाही, आणि कॅल्शियम वाढणे हे पुष्कळदा रोग पुढच्या अवस्थेत गेल्याचेच चिन्ह असते. पण माणूस शुद्धीवर येतो, आपल्या माणसांशी बोलू शकतो.

गेंड्यापासून ट्रामच्या कंडक्टरपर्यंत

परावटु ग्रंथींच्या शोधाची सुरुवात आपल्याकडच्या एका प्राण्यापासून होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८३४ सालापासून एक भारतीय गेंडा होता. १८४९ साली तो मेला. प्रसिद्ध शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याचे विच्छेदन केले, तेव्हा अवटु ग्रंथीला चिकटलेला एक लहानसा पिवळसर गोळा त्यांना दिसला. त्यांनी तशी नोंद केली आणि ते पुढे गेले. माणसाच्या शरीरात या ग्रंथी आहेत हे दाखवून त्यांना नाव दिले ते स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातील इव्हार सँडस्ट्रॉम यांनी, १८८० साली. त्या कशासाठी आहेत हे मात्र दोघांनाही माहीत नव्हते.

ते कळले शस्त्रक्रियांतून. गलगंडासाठी अवटु ग्रंथी काढून टाकली की काही रोग्यांना भयंकर पेटके येत. अवटुबरोबर नकळत या लहान ग्रंथीही जात होत्या. १९०९ साली अमेरिकेत मॅकॅलम आणि फेग्टलिन यांनी दाखवले की, परावटु ग्रंथी काढलेल्या प्राण्यांच्या रक्तात कॅल्शियम कमी होते आणि कॅल्शियम दिले की पेटके थांबतात. १९२५ साली कॅनडात जेम्स कॉलिप यांनी बैलांच्या परावटु ग्रंथींपासून असा अर्क काढला की तो टोचल्यावर कुत्र्यांच्या रक्तातले कॅल्शियम वाढे. इन्शुलीन शुद्ध करण्याच्या कामात सहभागी असलेले कॉलिप ते हेच.

त्याच वर्षी व्हिएन्नात फेलिक्स मांडल या शल्यविशारदाकडे ट्रामचा एक कंडक्टर उपचार घेत होता. त्याची हाडे ठिसूळ होऊन मोडत होती. अशा रोग्यांत परावटु ग्रंथी मोठी झालेली आढळते हे ठाऊक होते, पण ती हाडे वाचवण्याच्या धडपडीत मोठी होत असावी अशी समजूत होती. म्हणून मांडल यांनी आधी त्याला परावटुचा अर्क दिला, दुसऱ्याची ग्रंथीही बसवून पाहिली. गुण आला नाही. तेव्हा त्यांनी उलट केले : मानेतली वाढलेली ग्रंथीच काढून टाकली, आणि रोगी सुधारू लागला. ग्रंथीची वाढ हा परिणाम नसून कारण होते.

१९४१ : फॉस्फरस कमी का?

आता आपण बॉस्टनला येऊ. तिथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुलर ऑलब्राइट हे डॉक्टर परावटुच्या विकारांचा अभ्यास करत होते. या संप्रेरकामुळे मूत्रपिंडे फॉस्फेट लघवीवाटे बाहेर टाकतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते. म्हणजे परावटु संप्रेरक जास्त झाले की रक्तात कॅल्शियम वर आणि फॉस्फरस खाली, ही जोडी दिसते.

१९४१ साली या रुग्णालयातल्या एका रोग्याची चर्चा 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आली. त्याला मूत्रपिंडाचा कर्करोग होता आणि तो हाडात पसरला होता. रक्तात कॅल्शियम खूप वाढले होते. यात नवल काय, असे कोणीही म्हटले असते. गाठ हाड पोखरते, हाडातले कॅल्शियम रक्तात येते, संपले.

पण ऑलब्राइट यांची नजर दुसऱ्या आकड्यावर गेली. हाड हे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे बनलेले असते. ते नुसते पोखरले जात असेल तर दोन्ही पदार्थ रक्तात यायला हवेत. मग फॉस्फरस एक तर वाढायला हवा, निदान कमी तरी व्हायला नको. या रोग्यात तो कमी होता. कॅल्शियम वर, फॉस्फरस खाली : ही तर परावटु संप्रेरकाची सही! हाडातल्या गाठीवर किरणोपचार केल्यावर रोग्याचे कॅल्शियम खालीही आले. ऑलब्राइट यांनी सुचवले की, कदाचित ही गाठच परावटु संप्रेरक तयार करत असावी.

मूत्रपिंडातून उगवलेल्या गाठीने मानेतल्या ग्रंथीचे संप्रेरक बनवायचे, ही त्या काळी धाडसी कल्पना होती. आणि ती एका अशा आकड्यावर उभी होती की दुसऱ्या एखाद्याने 'असेल काहीतरी' म्हणून तो सोडून दिला असता.

पुरावा मिळाला, पण कसला?

१९५६ साली प्लिम्प्टन आणि गेलहॉर्न या अमेरिकी डॉक्टरांनी अशा दहा रोग्यांची हकिगत प्रसिद्ध केली, ज्यांच्या हाडांत कर्करोग पसरल्याची काही खूण नव्हती, तरी कॅल्शियम वाढलेले होते. काहींच्या बाबतीत गाठ काढल्यावर ते खाली आले. म्हणजे हाडाला स्पर्शही न करता गाठ दुरून हाडावर काम करत होती. रक्तात काहीतरी सोडल्याशिवाय हे शक्य नव्हते.

पुढचा प्रश्न उघड होता : ते 'काहीतरी' मोजायचे कसे? न्यूयॉर्कमध्ये सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी प्रतिपिंड आणि किरणोत्सारी खूण वापरून संप्रेरके मोजण्याची अतिशय संवेदनशील पद्धत शोधली होती. तिच्याबद्दल यॅलो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ सालीच वारले होते. १९६३ साली ही पद्धत परावटु संप्रेरकाला लावली गेली, आणि लवकरच कर्करोगाच्या रोग्यांच्या रक्तात आणि काही गाठींत हे संप्रेरक सापडल्याचे निबंध येऊ लागले. ऑलब्राइट यांचा तर्क खरा ठरला असे बहुतेकांना वाटले. या विकाराला 'आभासी परावटु आधिक्य' अशा अर्थाचे नावही मिळाले.

स्वतः ऑलब्राइट यांना या वादात भाग घेता आला नाही. त्यांना कंपवात होता. १९५६ साली त्यासाठी मेंदूवर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची वाचा गेली आणि १९६९ साली ते वारले.

इथे थोडे थांबायला हवे. प्रतिपिंड हा रेणूच्या एखाद्या तुकड्याला ओळखतो, संपूर्ण रेणूला नाही. शिवाय रक्तात परावटु संप्रेरकाचे तुटलेले भागही फिरत असतात. त्यामुळे एका प्रयोगशाळेचा प्रतिपिंड जे दाखवी ते दुसरीचा दाखवत नसे. फार कमी पातळी आणि सामान्य पातळी यांतला फरक तर त्या काळच्या चाचण्यांना नीट कळतच नव्हता. काही रोग्यांत कर्करोगाबरोबर परावटुचाही खरा विकार होता. अपेक्षा आधीच ठरलेली असली की अंधूक आकडाही स्पष्ट दिसू लागतो.

१९७३ साली पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढलेल्या कॅल्शियमचे ११ रोगी निवडले. त्यांचे रक्त आणि गाठी यांची एका नव्हे तर अनेक प्रकारच्या प्रतिपिंडांनी तपासणी केली. परावटु संप्रेरक कुठेच सापडले नाही. १९८० साली येल विद्यापीठातील अँड्र्यू स्टुअर्ट, आर्थर ब्रोडस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० रोग्यांचा अभ्यास केला. परावटु संप्रेरक मूत्रपिंडावर काम करते तेव्हा तिथे सायक्लिक एएमपी नावाचा पदार्थ वाढतो. ५० पैकी ४१ रोग्यांत तो वाढलेला होता, फॉस्फरसही कमी होता. पण रक्तातले परावटु संप्रेरक वाढलेले नव्हते. मूत्रपिंडाला वाटत होते की संप्रेरक आले आहे, आणि प्रतिपिंड सांगत होते की ते नाही. १९८३ साली आणखी एक निर्णायक पुरावा आला : अशा गाठींत परावटु संप्रेरकाच्या जनुकाचा संदेशवाहक आरएनएच नव्हता. नकाशाच नाही तर घर कसले बांधणार?

म्हणजे ऑलब्राइट यांचे निरीक्षण बरोबर होते, अनुमान मात्र चुकले होते. गाठ संप्रेरक सोडत होती, पण ते परावटुचे नव्हते.

तीन गाठी, एक प्रथिन

आता शोध सुरू झाला तो परावटु संप्रेरकासारखे वागणाऱ्या, पण वेगळ्या असणाऱ्या पदार्थाचा. १९८७ साली तीन गटांना तो जवळजवळ एकाच वेळी मिळाला. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे जॅक मार्टिन यांच्या गटाने फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवून त्यांतून तो शुद्ध केला आणि पुढे त्याचा जनुकही वेगळा काढला. येलच्या गटाला तो स्तनाच्या गाठीत, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाला मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींत सापडला. अवयव तीन, पदार्थ एकच. त्याला नाव मिळाले 'परावटु संप्रेरकासमान प्रथिन'. या लेखात आपण त्याला नुसते 'समान प्रथिन' म्हणू.

परावटु संप्रेरक ८४ अमिनो आम्लांचे असते. समान प्रथिनाच्या एका मुख्य रूपात ती १४१ असतात. दोन्हींच्या सुरुवातीच्या १३ अमिनो आम्लांपैकी ८ तंतोतंत तीच आणि त्याच जागी आहेत. पुढे मात्र साम्य संपते. किल्लीचे दात सारखे आणि मूठ वेगळी, असा हा प्रकार. कुलूप दातांनी उघडते, म्हणून हाडे आणि मूत्रपिंडे फसतात. प्रतिपिंड मूठ ओळखत असेल तर तो फसत नाही. १९९१ साली हे कुलूप, म्हणजे पेशीवरचा ग्राही रेणू, ऑपोसम या प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींतून शोधण्यात आला. दोन्ही किल्ल्यांना कुलूप एकच निघाले. हे काम झाले ऑलब्राइट यांच्याच रुग्णालयात.

रक्तात कॅल्शियम कसे वाढते तेही आता नीट कळले आहे. समान प्रथिन हाड बांधणाऱ्या पेशींवरील ग्राहीला चिकटते. त्या पेशी मग हाड पोखरणाऱ्या पेशींना चेतवणारा निरोप देतात आणि हाडातले कॅल्शियम सुटते. त्याच वेळी मूत्रपिंडे लघवीतले कॅल्शियम परत रक्तात ओढतात आणि फॉस्फेट बाहेर टाकतात. कॅल्शियम वाढले की लघवी जास्त होते, शरीरातले पाणी घटते, आणि पाणी घटले की मूत्रपिंडांना कॅल्शियम टाकणे आणखी अवघड जाते. म्हणूनच उपचाराची सुरुवात शिरेतून सलाइन देऊन होते आणि पुढे हाडे पोखरणे थांबवणारी औषधे दिली जातात. हे कॅल्शियम दुधातून आलेले नसते, हाडांतून आलेले असते. तेव्हा नुसते रोग्याचे दूध बंद करून हा प्रश्न सुटत नाही.

कर्करोगात कॅल्शियम वाढण्याचे हे एकमेव कारण नाही, पण ते सर्वांत मोठे आहे : सुमारे ८० टक्के रोग्यांत तेच असते. अस्थिमज्जेच्या मायलोमात आणि हाडांत पसरलेल्या काही गाठींत मुख्यतः जागच्या जागी हाड पोखरले जाते. काही लिंफोमांत गाठ ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप बनवते. आणि गंमत अशी की, अगदी थोड्या गाठी खरोखरच परावटु संप्रेरक बनवतात. अंडाशयाच्या अशा एका गाठीचा भक्कम पुरावा १९९० साली मिळाला. ऑलब्राइट यांचे चुकलेले अनुमानही असे कुठेतरी खरे निघाले.

हे प्रथिन मुळात कशासाठी?

गाठीत सापडले म्हणून हे प्रथिन कर्करोगाचे विष आहे असे समजू नये. ते आपल्या सर्वांच्या शरीरात असते. १९८८ साली दूध देणाऱ्या उंदरांच्या स्तनग्रंथीत ते दिसले. दुधात तर त्याचे प्रमाण रक्तापेक्षा हजारो पटींनी जास्त असते. बाळासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम काढण्यात त्याचा वाटा आहे. दूध तुटल्यावर ती हाडे पुन्हा भरून येतात. १९९४ साली या प्रथिनाचा जनुक काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांच्या कूर्चेचे हाड वेळेआधीच बनले, पाय आखूड राहिले आणि ती पिल्ले जन्मतःच मेली. गर्भातल्या हाडांच्या वाढीला हे प्रथिन लागतेच.

त्वचेच्या पेशीही ते बनवतात. म्हणून त्वचेसारख्या चपट्या पेशींच्या थरातून उगवणाऱ्या कर्करोगांत, म्हणजे फुफ्फुस, अन्ननलिका, तोंड, घसा यांच्या बऱ्याच कर्करोगांत, कॅल्शियम वाढताना दिसते. आपल्या देशात तंबाखूमुळे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग किती होतात हे सांगायला नको. तेव्हा बॉस्टनच्या त्या आकड्याचा संबंध आपल्याशीही आहे.

फरक इतकाच की, निरोगी शरीरात हे प्रथिन जिथे बनते तिथेच, गरजेपुरते काम करते. गाठ ते रक्तात ओतते. परावटु ग्रंथीच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारा रेणू असतो. कॅल्शियम पुरेसे झाले की त्या हात आखडता घेतात. गाठ असा कोणताच इशारा जुमानत नाही.

वर्गात हे कसे सांगता येईल?

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक मुलांनी पाहिलेला असतो. पाणी वर आले की चेंडू उचलला जातो आणि नळ बंद होतो. आता कोणी टाकीत दुसरा, चेंडू नसलेला नळ सोडला तर? पहिला नळ अगदी बंद असेल आणि टाकी तरीही भरून वाहील. फळ्यावर हे चित्र काढून विचारावे : टाकी वाहते आहे आणि बॉलकॉक बंद आहे, यावरून काय कळते? मुले बरोबर सांगतात की पाणी दुसरीकडून येत आहे. आज डॉक्टर नेमके हेच करतात. कॅल्शियम वाढलेले असेल तर परावटु संप्रेरक मोजतात. ते वाढलेले असेल तर दोष बहुधा ग्रंथीत, आणि दबलेले असेल तर दुसरा नळ शोधायला हवा.

आणि थोड्या मोठ्या मुलांसमोर ऑलब्राइट यांचे दोन आकडे ठेवावेत : कॅल्शियम जास्त, फॉस्फरस कमी. हाड पोखरले जात आहे एवढेच सांगून त्यांना विचार करू द्यावा की यात काय जुळत नाही. प्रयोगवहीत न जुळणारा आकडा आला की मुले तो खोडून शेजाऱ्याचा उतरवून घेतात, कारण गुण जुळणाऱ्या आकड्याला मिळतात. त्या रोग्याचा फॉस्फरस कोणी असाच खोडला असता तर हा शोध १९४१ साली तरी सुरू झाला नसता. तेव्हा पुढच्या वेळी वह्या तपासताना न जुळणारा आकडा दिसला, तर त्यावर फुली मारण्याआधी त्या मुलाला आपण एवढेच विचारू या : हे असे का आले असेल?